ऑनलाइन वर्गात माणसं टिकवायची कशी? मोडीच्या वर्गातून शिकलेलं

मोडी लिपीचा माझा पहिला ऑनलाइन वर्ग सुरू झाला, तेव्हा स्क्रीनवर चेहऱ्यांची तीन पानं होती. पाचव्या रविवारी सगळे एका पानात मावले, आणि त्यातल्याही निम्म्यांचे कॅमेरे बंद. मला वाटलं, आपलं शिकवणं रटाळ आहे. म्हणून मी स्लाइड रंगीत केल्या, मध्ये मध्ये किस्से घातले. पुढच्या तुकडीतही तेच झालं. मग एक दिवस मी गेलेल्यांना फोन करायला बसले. एकाही माणसानं कंटाळा आल्याचं सांगितलं नाही. बहुतेकांचं उत्तर एकाच वळणाचं होतं: "ताई, एक वर्ग बुडाला, मग गृहपाठ राहिला, मग म्हटलं आता काय तोंड दाखवायचं."

तेव्हापासून मी वर्गाची सगळी मांडणी याच वाक्याभोवती करते. माणूस आधी मागे पडतो, मग लाजतो आणि मग यायचं थांबतो. तुम्ही कथक शिकवत असाल, हिशेब शिकवत असाल किंवा जर्मन भाषा, पहिल्यांदा ऑनलाइन वर्ग घेणार असाल तर पुढच्या पायऱ्या तुमच्या कामाच्या आहेत. उदाहरणं मात्र मोडीची देते, कारण मला तीच येतात.

आधी एक आकडा मनात ठेवा

एमआयटी आणि हार्वर्ड या विद्यापीठांच्या, एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांचा हिशेब २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेला गेलेल्यांत हेच प्रमाण ४६ टक्के होतं. म्हणजे जगातले नावाजलेले शिक्षक, उत्तम चित्रीकरण, आणि पैसे भरूनही निम्म्याहून जास्त माणसं वाटेत गळाली. तेव्हा तुमच्या पहिल्या तुकडीतून लोक गेले तर स्वतःला कमी लेखू नका. पण 'ऑनलाइन म्हटलं की गळती आलीच' म्हणून हात झटकूनही बसू नका. या आकड्यातून मी एवढंच घेतलं की फुकट नोंदणी हा नुसता कुतूहलाचा पुरावा असतो. थोडी का होईना फी ठेवा. जमणार नसेल त्याला माफ करा, पण ती माफी त्याला स्वतःहून मागू द्या.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवा

नाव, गाव, फोन नंबर सगळेच विचारतात. मी विचारते: "कोणता कागद वाचायचा आहे?"

या एका प्रश्नावर माझा वर्ग उभा आहे. कोणाकडे पणजोबांचं खरेदीखत असतं, कोणाकडे देवस्थानच्या इनामाचा कागद. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि जुन्या दप्तरांतल्या मोडी नोंदी वाचणाऱ्यांची गरज एकदम वाढली. तेव्हापासून गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीचा फोटो घेऊन येणारेही बरेच असतात. काही जण इतिहासाचे विद्यार्थी, काही नुसते हौशी. हौशी माणसाकडे कागद नसतो. त्याला मी पहिल्याच आठवड्यात एक कागद देते आणि म्हणते, हा तुमचा.

असं का करायचं? सातव्या आठवड्यात जोडाक्षरं डोक्यावरून जायला लागतात, तेव्हा प्रमाणपत्राची आशा माणसाला धरून ठेवत नाही. ड्रॉवरमध्ये घडी घालून ठेवलेला तो कागद धरून ठेवतो. तुमच्या विषयातही असा 'कागद' असतोच. हिशेब शिकणाऱ्याचं दुकान असतं, भाषा शिकणाऱ्याची परदेशातली नात असते. तो आधी शोधून काढा.

त्याच फॉर्ममध्ये आपलं आश्वासनही नेमकं लिहा. माझं असं आहे: "आठ आठवड्यांत सुवाच्य मोडी सावकाश वाचता येईल. घाईत लिहिलेलं पेशवेकालीन पत्र लगेच वाचता येणार नाही, त्याला वर्षभराचा सराव लागतो." हे वाचून काही जण नाव नोंदवत नाहीत. जे नोंदवतात ते चौथ्या आठवड्यात फसवणूक झाल्यासारखे निघून जात नाहीत.

पहिल्या दहा मिनिटांत हात चालला पाहिजे

पूर्वी मी पहिल्या तासाची चाळीस मिनिटं इतिहासाला द्यायचे. हेमाडपंतांनी मोडी आणली ही परंपरेनं चालत आलेली समजूत, शिवकाळ, पेशवाई, पुढे छपाई आणि बालबोधीचं, म्हणजे देवनागरीचं राज्य. सगळं रंजक. लोक मान डोलवायचे आणि तास संपताना त्यांच्या हातात काहीच नसायचं.

आता तास सुरू झाला की नमस्कार, आणि लगेच: "कोरा कागद घ्या. डावीकडून उजवीकडे एक लांब रेघ ओढा, पूर्ण कागदभर." लोक चमकतात, कारण देवनागरीत आपण आधी अक्षर काढतो आणि वर रेघ देतो. मोडीत रेघ आधी, मग तिला अक्षरं लटकवायची, आणि पेन शक्य तितकं न उचलता पुढे जायचं. बोरू हातात धरून दिवसभर कागद लिहिणाऱ्या कारकुनाला वेग हवा होता, त्यातून ही लकब आली. हे एक वाक्य मी त्यांची रेघ ओढून होईपर्यंत सांगते. इतिहास तेवढाच, आणि तो हाताला चिकटतो.

मग 'ध' आणि 'मा'. 'ध चा मा' केला हे माहीत नसलेला मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो ३० ऑगस्ट १७७३ रोजी. आनंदीबाईंनी पत्रातल्या 'धरावे'चं 'मारावे' केलं ही आख्यायिका. ती खरी मानायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण ते पत्र मोडीतच असणार, म्हणून मी दोन्ही शब्द मोडीत काढून दाखवते आणि विचारते, "एका फटकाऱ्यात हा बदल करता येईल का? करून बघा." लोक अक्षरशः कागदावर वाकतात. पहिल्या तासात प्रत्येकानं स्वतःच्या हातानं दोन शब्द लिहिलेले असतात आणि घरच्यांना दाखवायला काहीतरी असतं.

तुमच्या विषयातला 'ध चा मा' शोधा. शिकणाऱ्याला आधीपासून माहीत असलेली, पण आतून कधी न पाहिलेली गोष्ट.

व्हिडिओ लहान ठेवा, आणि हात दिसू द्या

२०१४ साली एडएक्सवरच्या सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंचा अभ्यास झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात, असं त्यात दिसलं. नुसत्या स्लाइडपेक्षा हातानं लिहीत लिहीत समजावलेलं जास्त पाहिलं जातं, हेही त्यातलंच. मोडी शिकवणाऱ्याला यापेक्षा चांगली बातमी कोणती!

माझी व्यवस्था साधी आहे. टेबलाच्या कडेला जाडजूड पुस्तकांचा ढीग, त्यावर एक फूटपट्टी बाहेर काढलेली, फूटपट्टीवर फोन, कॅमेरा खाली कागदाकडे. ढिगावर एक वजन ठेवा, नाहीतर फोन कागदावर येतो. मी उजव्या हातानं लिहिते, म्हणून दिवा डावीकडे. तो उजवीकडे असला तर हाताची सावली नेमकी पेनाच्या टोकावर पडते आणि जे पाहायचं तेच झाकलं जातं. एका व्हिडिओत चार-पाच अक्षरं, त्याहून जास्त नाहीत. प्रत्येक अक्षर दोनदा: एकदा सावकाश, एकदा नेहमीच्या वेगानं. व्हिडिओच्या नावात 'भाग ३' असं लिहू नका, 'त, थ, द, ध, न' असं लिहा. महिन्यानं 'द' विसरलेला माणूस तो शोधणार कसा?

'समजलं का?' हा प्रश्न सोडून द्या

या प्रश्नावर 'हो' तरी येतं, नाहीतर शांतता. दोन्हीतून काही कळत नाही.

मी एक ओळ दाखवते आणि म्हणते, "चॅटमध्ये लिहा, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका." मनात सावकाश वीस मोजते. हे वीस आकडे पहिले काही दिवस जड जातात. शिक्षकाला शांतता सहन होत नाही आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. तसं करू नका. मग "पाठवा" म्हटलं की सगळी उत्तरं एकदम येतात. पहिल्या हुशार माणसाचं उत्तर बघून बाकीचे गप्प बसले, असं होत नाही.

आणि चुकीची उत्तरं हेच तासाचं खरं धन. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही सहसा दाखवत नाहीत. एकदा ओळ होती: 'पैसेनदीले'. निम्म्या वर्गानं वाचलं 'पैसे, नदी...' आणि पुढे अडकले. एका काकांनी विचारलं, "ताई, व्यवहारात नदी कुठून आली?" मी उत्तर दिलं नाही. पुन्हा वाचा म्हटलं. मिनिटभरानं नागपूरची एक मुलगी ओरडली, "न दिले! पैसे न दिले!" मोडी वाचताना अक्षर ओळखण्याइतकाच शब्द तोडण्याचा सराव लागतो, हे मी तासभर भाषण करून सांगितलं असतं तरी त्या एका मिनिटाइतकं पोचलं नसतं.

चुकलेल्याचं नाव मात्र घेऊ नका. "काही जणांनी नदी वाचली, आणि ते अगदी साहजिक आहे" एवढं पुरे. बरोबर आलेल्याचं नाव जरूर घ्या.

कॅमेरा चालू ठेवायची सक्ती मी करत नाही. कोणी स्वयंपाकघरात बसलेलं असतं, कोणाच्या घरात एकच खोली असते, कोणाचं नेटवर्क नुसत्या आवाजालाच पुरतं. मला चेहरा नको, वहीचं पान हवं.

गृहपाठ: एक पान, एक दुरुस्ती

युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे, पण बहुतेक फोनवर मोडी टाइप करायची सोय तयार मिळत नाही. त्यामुळे लोक वहीत लिहितात, फोटो काढतात, व्हॉट्सॲपवर पाठवतात. सुरुवातीला मी प्रत्येक पान लाल करून परत पाठवायचे. दहा चुका दाखवल्या की माणूस अकरावं पान पाठवत नाही, हे कळायला वेळ लागला.

आता नियम असा: एका पानावर एकच दुरुस्ती, आणि ती दोन दिवसांच्या आत. "तुमचा 'ल' छान वळतोय. 'स' लिहिताना पेन उचलताय, ते टाळा. पुढच्या वेळी फक्त तेवढंच बघेन." वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज. लिहून पाठवण्यापेक्षा आवाज जवळचा वाटतो, आणि चष्मा शोधावा लागत नाही. वर्गात चाळीस माणसं असतील तर सगळ्यांना दर आठवड्याला असं उत्तर देणं झेपणार नाही. मग जोड्या लावा. एकानं दुसऱ्याचं पान वाचून बालबोधीत लिहायचं. वाचणाऱ्याला जिथे अडलं तिथे लिहिणाऱ्याची चूक आपोआप सापडते, आणि दर आठवड्याला कोणीतरी आपल्या पानाची वाट बघतंय ही जाणीव माणसाला सोडत नाही. जोडी लावताना मी एक तरुण आणि एक वयस्क असं बघते. एकाला फोन वापरता येतो, दुसऱ्याला जुने शब्द येतात.

बुधवारची पाच अक्षरं

वर्ग रविवारी. मधल्या सहा दिवसांत शिकलेलं उडून जातं. म्हणून बुधवारी रात्री मी पाच अक्षरांचं एक चित्र पाठवते. पर्याय नाहीत, वही उघडायची नाही, आठवून लिहायचं. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं होतं की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे जातात. हे मी वर्गातही सांगते. कारण आठवत नाही तेव्हा लोकांना वाटतं आपलं डोकं चालत नाही. आठवण्यासाठी झगडणं हाच अभ्यास आहे, हे कळलं की ते झगडतात.

शेवटच्या आठवड्यांत बुधवारचा प्रश्न मोठा होतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे कोणतं साल? अरबी अंकशब्द: एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत चालणाऱ्या शुहूर सन या कालगणनेतलं ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७६०-६१. "अरे, हे तर पानिपत!" असा मेसेज रात्री अकराला येतो तेव्हा मला फार आनंद होतो.

मागे पडलेल्यासाठी दार उघडं ठेवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नवे शिक्षक नेमकी हीच विसरतात.

वेळापत्रक आखतानाच गृहीत धरा की प्रत्येक माणसाचे निदान दोन वर्ग बुडणार. गणपती आहेत, लग्नसराई आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, कोणाच्या घरी आजारपण आहे. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात चौथा रविवार मी रिकामा ठेवते. त्या दिवशी नवीन काही नाही. पहिल्या तीन आठवड्यांतलंच, वेगळ्या कागदावर. त्याचं नाव 'भरपाईचा रविवार', आणि तो पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलेला असतो. मागे पडलेल्याला गाठायला एक थांबा मिळतो, आणि न पडलेल्यांचा हात बसतो.

शिवाय प्रत्येक वर्गाची पहिली पंधरा मिनिटं उजळणीची. गेल्या वेळी न आलेल्यालाही ती समजतील अशी. "मागच्या वेळी आपण बघितलंच आहे" हे वाक्य मी तोंडातून काढून टाकलं आहे. ते ऐकून गैरहजर माणसाला पुन्हा बाहेर काढल्यासारखं वाटतं.

दोन वर्ग आणि एक बुधवार चुकला की मी त्या माणसाला मेसेज करते. तिसऱ्या वर्गाची वाट बघत नाही, कारण तोवर उशीर झालेला असतो. मेसेज कसा असावा? आधी मी लिहायचे: "आपण सलग दोन वर्गांना अनुपस्थित होतात. कृपया रेकॉर्डिंग पाहून गृहपाठ पूर्ण करावा." हे वाचून कोण येईल? ही तर नोटीस झाली. आता असं लिहिते:

"काका, नमस्कार. या रविवारी तुमच्या खरेदीखतात आहेत तसलेच आकडे आणि आणे-पैसे वाचणार आहोत. मागचे व्हिडिओ बघायची गरज नाही, गृहपाठही राहू द्या. नुसते या. पहिली पंधरा मिनिटं उजळणीच आहे."

यात तीन गोष्टी आहेत. त्यांच्या कागदाची आठवण, जुनी थकबाकी माफ, आणि परत आल्यावर नेमकं काय होईल याची खात्री. थकबाकी माफ करणं अनेक शिक्षकांना पटत नाही, शिस्त बिघडेल असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. परत आलेला माणूस राहिलेला गृहपाठ बहुधा आपणहून करतो. थकबाकी डोक्यावर ठेवली तर तो येतच नाही, मग शिस्त कोणाला लावणार?

आणि मेसेजला उत्तर आलं नाही तर एक फोन. एकच. आवाजात काळजी असू द्या, चौकशी नको. एकदा साताऱ्याकडच्या एका ताईंना फोन केला, तर त्या रडायलाच लागल्या. सासूबाई दवाखान्यात होत्या, आणि त्यांना वाटत होतं की आपलं नाव वर्गातून काढून टाकलं असेल. त्या पुढच्या तुकडीत पहिल्या रांगेत होत्या. फी पुन्हा घेतली नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपचं थोडक्यात

दोन ग्रुप करा. एकात फक्त शिक्षक लिहितो: वेळ, लिंक, व्हिडिओ, बुधवारचं चित्र. दुसऱ्यात सगळे. एकच ग्रुप ठेवला तर सुप्रभातच्या फुलांत रविवारची लिंक हरवते आणि दहा माणसं ऐन वेळी फोन करतात. लिंक प्रत्येक आठवड्याला तीच ठेवा.

हजेरीसाठी एक साधी वही पुरते. नावासमोर दोनच रकाने: शेवटचं पान कधी आलं, आणि त्यांचा कागद कोणता. वर्गात किती जण 'दिसले' हे मी मोजत नाही. फोन चालू ठेवून भाजी चिरणाराही दिसतोच. पान येणं थांबलं की माणूस निसटतोय, हे मला त्या पहिल्या रकान्यात हजेरीच्या आठवडाभर आधी दिसतं.

शेवटचा वर्ग त्यांचा

आठव्या रविवारी मी शिकवत नाही. प्रत्येकानं आपल्या कागदाच्या पाच ओळी मोठ्यानं वाचायच्या, प्रत्येकाला सात मिनिटं. हा दिवस पहिल्याच आठवड्यात जाहीर करा आणि घरच्यांनाही बोलवायला सांगा. माणसं जास्त असतील तर दोन रविवार घ्या, पण कोणाला वगळू नका. आधी दोन दिवस कागदाचा फोटो मागून घ्या आणि तो स्वतः वाचून ठेवा, म्हणजे कोणी अडलं तर पुढचा शब्द हळूच सुचवता येतो. जो शब्द कोणालाच लागत नाही, तो तसाच राहू द्या. त्याचा फोटो ग्रुपवर टाका. माझ्या एका तुकडीचा असा एक शब्द अजून लागायचा आहे. वर्ग संपून वर्ष होत आलं तरी दर महिन्याला कोणीतरी नवा तर्क पाठवतं.